जिन्याची कडी

२०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही तिघी अकोल्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर होतो. गुढी सूर्यास्तालाच उतरवून झाली होती. तांब्या, साखरेची गाठी, दिवसभराच्या उन्हाने करपलेला कडुलिंबाचा डहाळा आणि जरीची साडी असे सगळे कठड्याजवळ एका परातीत काढून सासूबाई त्याची आवराआवर करीत होत्या. गच्चीवर नुकतेच पाणी मारले होते, तरी लादी तळव्यांना चटके देत होती आणि तिच्यातून ओल्या चुन्याच्या वासाची वाफ वर येत होती. सात वर्षांची लेक गुढीच्या आडव्या ठेवलेल्या काठीवरून तोल सांभाळत चालत होती. त्याच दिवसापासून राज्यातले करोनाचे सगळे निर्बंध उठले होते. मास्कही आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर होता, आणि दोन वर्षांनी शेजारच्या गच्च्यांवर माणसे मोकळ्या चेहऱ्याने एकमेकांशी बोलत होती. वर पहिल्यांदा बोट दाखवले ते लेकीने.

आगीची एक लांब माळ आकाशातून पूर्वेकडे सरकत होती. उल्का मी लहानपणी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या दिसतात न दिसतात तोच विझतात. ही माळ विझत नव्हती आणि तिला घाईही नव्हती. पुढे एक-दोन ठसठशीत पिवळे गोळे, मागे निखाऱ्यांची रांग आणि त्या रांगेतून अधूनमधून गळून पडणाऱ्या ठिणग्या असे ते सगळे एका ओळीत, कोणीतरी हाकत असल्यासारखे, डोक्यावरून चालले होते, आणि त्याला मुळीच आवाज नव्हता. मला भीती वाटली ती त्या नसलेल्या आवाजाची. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी विमान पेटल्याचे ओरडले, दुसऱ्या कोणीतरी ‘मिसाइल, मिसाइल’ म्हटले. युक्रेनमधले युद्ध सुरू होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते आणि रोज रात्री घरोघरच्या टीव्हीवर तीच दृश्ये असत. लेक मात्र दोन्ही हात वर करून त्या माळेकडे पाहून हलवत होती. “आई, त्यांना आपण दिसतोय का?” असे तिने विचारले. मी तिचे मनगट धरले, तिला ओढत जिन्यात आणले, पत्र्याचे दार लावले आणि कडी घातली.

मग दारावर थाप पडली. थाप मोठी नव्हती, हाताच्या तळव्याने कोणी बेताने मारावी तशी होती. माझा हात कडीवरच होता, आणि तरीही तो तिथेच राहिला. बाहेर कोण आहे, हे त्या क्षणी मला खरोखरच उमगले नाही. दुसऱ्या थापेबरोबर शब्द आले: “अवं, मी बाहीरच राह्यली नं.”

सासूबाईंना गच्चीवर ठेवून मी कडी लावली होती.

दार उघडले तेव्हा त्या परात दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. खाली येऊन त्यांनी गाठी डब्यात भरली, साडीची घडी घातली, मी पानांची तयारी केली, आणि फोनवर एकामागून एक व्हिडिओ येऊ लागले. दुसऱ्या दिवशी सगळे कळले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात आठ-दहा फूट व्यासाचे धातूचे कडे आकाशातून पडले होते, आसपासच्या शिवारात धातूचे गोळे सापडले होते, आणि हे सारे वर्षभरापूर्वी उडालेल्या एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे जाणकारांचे म्हणणे होते. पुढे ‘इस्रो’चे शास्त्रज्ञही तिथे जाऊन आले. त्या बातम्यांमधला एकच तपशील माझ्या मनात रुतून राहिला. लाडबोरीत त्या संध्याकाळी गावजेवणाची तयारी चालली होती. आकाश लाल झाले, ते कडे मोकळ्या जागेत दणकन आदळले, आणि स्फोट होईल या भीतीने लोक घरांत पळाले ते जवळजवळ अर्धा तास बाहेर आले नाहीत. म्हणजे मी केले तेच सगळ्यांनी केले, असे म्हणून मी स्वतःला दिलासा देऊ शकले असते. तो दिलासा मात्र पोहोचत नव्हता. अर्धवट शिजलेल्या भाताखालचा जाळ तसाच ठेवून पळताना तिथल्या बायकांनी आपली माणसे मोजून घेतली असतील, असे मला सारखे वाटत राहिले. मी मोजली नव्हती, आणि मोजायला दोनच माणसे होती.

परग्रहावरून कोणी पृथ्वीवर उतरले तर माणसे काय करतील, हा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी चित्रे येतात: राजधान्यांची शहरे, सैन्ये, राष्ट्राध्यक्षांची भाषणे आणि सबंध मानवजात जणू एका व्यासपीठावर उभी. मलाही ती चित्रे आवडत असत. त्या पाडव्यानंतर मात्र मला वाटते की ते जे काही असेल ते आधी कोणाच्या तरी गच्चीवर, कोणाच्या तरी वावरात, भात चुलीवर असताना येईल, आणि मानवजातीचे उत्तर भाषणाच्या फार आधी, पहिल्या दोन मिनिटांत, कोणीतरी हाताने देऊन टाकलेले असेल. ते हात काय करतात हे पाहायचे तर आकाशातून काही आले किंवा येणार असे वाटले, अशा वेळांकडे पाहावे लागेल. तशा वेळा आपल्याकडेही येऊन गेलेल्या आहेत.

माझ्या माहेरच्या गावी, खामगावजवळ, १९७९ च्या पावसाळ्यात स्कायलॅबची वाट पाहिली गेली. मी तेव्हा दोन वर्षांची होते, त्यामुळे माझ्याजवळ आहे ती आजीने सांगितलेली आठवण. सुमारे ७७ टनांची ती अमेरिकन अंतराळ प्रयोगशाळा कुठे कोसळणार, हे सांगता येत नव्हते. रेडिओवर रोज काहीतरी ऐकू येई आणि ते ऐकून सांगणाऱ्याच्या तोंडी त्याचे आणखी काही होई. आजीला स्कायलॅब ही वस्तू आहे की कोणी प्राणी आहे, हे शेवटपर्यंत नीट ठाऊक नव्हते. ती ‘तो स्कायलॅब’ असे म्हणत असे. ११ जुलैच्या त्या रात्री तिने पुरण घातले, घरातली सगळी मुले माजघरात एका सतरंजीवर झोपवली आणि कंदील मोठा करून ठेवला. आमचे आणि शेजारच्या चुलतघराचे बांधावरून भांडण होते, कोर्टात तारखा चालू होत्या, आठ वर्षे येणे-जाणे बंद होते. त्या रात्री चुलत आजोबा आपली नातवंडे घेऊन ओसरीवर आले आणि काही न बोलता खांबाला टेकून बसले. आजीने त्यांच्यापुढे पोळीचे ताट ठेवले. सकाळी कळले की स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. चुलत आजोबा नातवंडे घेऊन परत गेले, आणि पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख ठरल्याप्रमाणे झाली. आजी हे सांगताना या शेवटच्या वाक्यापाशी कधी हसत नसे. दावा खरा होता आणि ती रात्रही खरी होती, एवढेच तिचे म्हणणे असायचे. वाट पाहायला वेळ मिळाला म्हणून आजीला पुरण घालायला सुचले, असे मी अनेकदा मनाशी म्हटले आहे. मला दोन मिनिटेच मिळाली होती. पण आजीने दार लावलेच नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

वेळ मिळूनही दारे लागतात, हेही आपण पाहिलेले आहे. १९४९ च्या फेब्रुवारीत इक्वेडोरची राजधानी कितो इथल्या रेडिओवर मंगळवासीयांच्या हल्ल्याचे नभोनाट्य बातमीसारखे सादर झाले. लोक रस्त्यांवर धावले, आणि ते नाटक असल्याचे कळल्यावर संतापलेल्या जमावाने त्या केंद्राची इमारतच पेटवली. आतली काही माणसे मेली. मंगळावरून कोणी आलेच नव्हते. मेले ते शेजारी होते. इतक्या दूर तरी कशाला जायचे? २०२० साली आपल्याकडे जे आले ते आकाशातून आले नव्हते, पण डोळ्यांना दिसत नव्हते आणि कोणाच्याही ओळखीचे नव्हते. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी बांबू आडवा बांधला गेला, आणि पुण्याहून आलेल्या आमच्याच एका शेजाऱ्याच्या कुटुंबाला त्या बांबूपलीकडे, भर मे महिन्यात, दुपारभर गाडीत बसवून ठेवले गेले. त्यांच्या लहान मुलाने काचेला तोंड लावले होते, त्या काचेवर त्याच्या श्वासाचा गोल उमटत होता आणि पुसला जात होता. मी ते आमच्या खिडकीतून पाहिले. पाण्याची बाटली घेऊन मी फाटकापर्यंत गेले, ती बांबूवरून पलीकडे दिली, आणि परत आल्यावर कोपरापर्यंत हात धुतले. मला आठवणारे सर्वांत खरे वर्णन हेच आहे: बाटलीही मीच दिली आणि हातही मीच धुतले.

बाहेरून येणारे जे काही असेल ते यानातूनच उतरेल, असेही नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ साली हैदराबादहून एक बलून ४१ किलोमीटर उंचीपर्यंत पाठवून तिथली हवा जमा केली गेली, ती तिच्यात सूक्ष्मजीव सापडतात का हे पाहण्यासाठी. जीवनाचे बीज अंतराळातून येत असावे, या विचाराचा तो पाठपुरावा होता. मराठीत परग्रहांविषयी इतके लिहिणाऱ्या माणसाने पाहुण्याचा शोध एका निर्जंतुक नळीत घेतला, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. त्या शोधात आदर होता. पाहुणा लहान असेल, त्याला हात नसतील, तो बोलणार नाही, पण तो असू शकतो, हे आधीच मान्य केलेले होते.

ज्यांचे आयुष्यच आकाशाकडे कान लावण्यात जाते, त्यांच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय झाले, हे १९६७ सालच्या केंब्रिजमध्ये दिसते. जोसलिन बेल या चोवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने सहकाऱ्यांबरोबर साडेचार एकरांत खांब ठोकून, तारा ओढून एक रेडिओ दुर्बीण उभी केली होती. तिच्यातून रोज कित्येक फूट कागद लेखणीच्या रेघांनी भरून बाहेर पडे आणि तो सगळा ती डोळ्यांनी तपासत असे. त्या रेघांत एक बारीक गिचमीड पुन्हा पुन्हा येत होती. कागदाचा वेग वाढवून पाहिल्यावर दर १.३३ सेकंदांनी एक ठोका असे ते निघाले. इतका नेमका ठोका देणारी वस्तू आकाशात तोवर कोणाला ठाऊक नव्हती. त्या नोंदीला त्यांनी आपापसांत ‘छोटी हिरवी माणसे’ असे नाव दिले, आणि थट्टेतले ते नाव घेऊनही नाताळच्या तोंडावर त्यांची एक बैठक बसली: हे खरेच कोणाचे बोलावणे असेल तर ते जाहीर कसे करायचे? बेलबाईंनी नंतर सांगितले आहे की त्या दिवशी त्या वैतागून घरी गेल्या. प्रबंध पूर्ण करायचा होता, आणि नेमकी आपलीच दुर्बीण निवडून कोणी बोलायला यावे, याचा त्यांना राग आला होता. त्याच रात्री त्या पुन्हा कागदांपाशी परतल्या आणि आकाशाच्या दुसऱ्याच भागातली तशीच एक गिचमीड त्यांना सापडली. दोन वेगवेगळ्या ठिकाणची माणसे एकाच वेळी एकाच रीतीने हाक मारणार नाहीत, म्हणजे हा निसर्गाचाच प्रकार. तो पल्सार होता, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरत ठरावीक ठेक्याने रेडिओ लहरी सोडणारा तारा. मला त्या वैतागाचे मोल फार वाटते. जगाच्या इतिहासातला सर्वांत मोठा निरोप कदाचित आपल्या हातात आहे, आणि डोक्यात आहे तो अपुरा प्रबंध. माझ्या मनातही त्या रात्री जग नव्हते, लेकीचे मनगट होते. फरक एवढाच की त्या परत गेल्या आणि त्यांनी पुन्हा पाहिले.

अशा वेळी काय करावे याचे नियम आता लिहिलेले आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळवैज्ञानिक अकादमीने १९८९ साली ते घालून दिले: आधी खात्री करा, मग इतर शास्त्रज्ञांना कळवा, मग जगापासून काहीही लपवू नका, आणि सर्वांशी विचारविनिमय झाल्याशिवाय उत्तर पाठवू नका. हे चांगले नियम आहेत. त्यांच्यामागे कायद्याचे बळ नाही, आणि शिवाय ते दुर्बिणीपाशी बसलेल्यांसाठी आहेत. गच्चीवरच्यांसाठी कोणी लिहिलेले नाहीत. उत्तराच्या बाबतीत तर आपण आधीच मोकळे होऊन बसलो होतो. १९७४ सालीच आरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीतून १६७९ ठोक्यांचा एक संदेश सुमारे पंचवीस हजार प्रकाशवर्षे दूरच्या एका तारकागुच्छाकडे सोडला गेला होता. तेव्हा ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी हरकत घेतली होती की तिकडे कोण आहे हे ठाऊक नसताना आपला पत्ता देऊ नये. राइल यांचे म्हणणे मला पटते. आणि तरीही ज्यांनी तो संदेश पाठवला त्यांच्यावर रागावणे मला जमत नाही. माझ्या लेकीने तेच तर केले होते. तिने वर पाहून हात हलवले होते.

पुढच्या वर्षी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी आम्ही नारायणगावजवळच्या खोडदला, तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो. जायचे कारण लेकीचा हट्ट हे होते, पण मला स्वतःलाही जावेसे वाटत होते. उसाच्या आणि द्राक्षांच्या शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकड्या अचानक वर येतात. एकूण तीस आहेत, काही एकमेकींच्या जवळ, बाकीच्या तीन दिशांना दूरवर गावागावांत विखुरलेल्या. जवळ गेल्यावर कळते की ती तबकडी भरीव नाहीच; बारीक पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणलेली आहे, तिच्यातून पलीकडचे आकाश दिसते आणि वारा आरपार जातो. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ती कल्पना होती. वारा अडवला नाही म्हणून इतकी मोठी तबकडी इतक्या हलक्या सांगाड्यावर उभी राहते. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी कुजबुज ऐकायची तर माणसांनी गप्प बसावे लागते. एवढ्या गर्दीत कोणाच्याच हातात फोन पेटलेला नाही, असे मी फार दिवसांनी पाहिले.

तिथे मला २०१६ सालचा प्रसंग आठवला. युरोपचे शियापारेली नावाचे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण आवाज या खोडदच्या तबकड्यांनी पकडला होता. ठोका येत होता, येत होता, आणि जमिनीला पाय लागायच्या थोडे आधी तो बंद पडला. यानाचा स्वतःच्या उंचीचा हिशेब चुकला होता आणि ते मंगळावर आदळले. परक्या आकाशातून जळत खाली येणारे ते यान मंगळाच्या दृष्टीने आगंतुक होते. ते आपले होते, आणि जुन्नर तालुक्यातल्या शेतांत त्याचा शेवटचा ठोका ऐकला गेला. लाडबोरीचे कडे आणि शियापारेली यांची त्या दिवशी माझ्या मनात जी गाठ पडली ती अजून सुटलेली नाही.

परतताना गाडीत लेकीच्या आग्रहाने केसरबाई लावल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली गेली, तिच्यात पंचावन्न भाषांतली अभिवादने आहेत. त्यांत मराठी आहे, आणि त्या मराठी अभिवादनात ऐकणाऱ्याला ‘या जन्मी धन्य व्हा’ अशी शुभेच्छा आहे. दुसऱ्या सूर्याखाली जन्मलेल्या कोणाला तरी आपण धन्य होण्याची शुभेच्छा दिली, हे ऐकून मला दर वेळी गहिवरून येते. आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या या बाईंनी आपले गाणे पारखून, वेचक श्रोत्यांपुढे मांडले. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटले. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ पासून ते यान सूर्याच्या वाऱ्याच्या कक्षेबाहेर चालले आहे आणि दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचायला त्याला आणखी सुमारे चाळीस हजार वर्षे लागतील. घाटात, अंधारात, त्या टोकदार आणि भारदस्त आवाजातला तो प्रश्न ऐकताना मला वाटले की दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न कदाचित हाच असतो. कुठे चाललात? कडीवर हात असताना मी तेवढेही विचारले नव्हते.

पण दार लावणाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावरच्या लोकांनी समुद्राकडचे आपले दार बाणांनी बंद ठेवले आहे. १८८० साली पोर्टमन नावाचा एक इंग्रज अधिकारी तिथे उतरला आणि एक वृद्ध जोडपे व चार मुले यांना पकडून पोर्ट ब्लेअरला घेऊन गेला. ती दोन म्हातारी माणसे आजारी पडून तिथेच मेली. मुलांना भेटवस्तूंसह परत बेटावर सोडण्यात आले. त्या मुलांबरोबर आणखी काय परत गेले असेल, कोण जाणे. शेजारच्या बेटांवरच्या ग्रेट अंदमानी लोकांचे काय झाले, हे आपल्याला माहीत आहे: वसाहत आली, रोग आले, माणसे संपत गेली, आणि २०१० साली बो भाषा बोलणारी शेवटची बाई गेली. सेंटिनलच्या लोकांनी बाण मारला की बातम्यांत त्यांना रानटी म्हटले जाते. मला त्यात अनुभवाने शिकलेली सावधगिरी दिसते. ज्याने आपली माणसे नेली त्याला दुसऱ्यांदा दार उघडू नये, एवढाच तिचा अर्थ आहे.

आणि तरीही ४ जानेवारी १९९१ ला त्याच बेटाच्या उथळ पाण्यात काही वेगळे झाले. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाच्या मधुमाला चट्टोपाध्याय आणि त्यांचे सहकारी होडीतून नारळ पाण्यात सोडत होते, आणि कधी नव्हे ते बेटावरचे लोक पाण्यात उतरून ते गोळा करू लागले. त्यांच्या बेटावर नारळ होत नाही. किनाऱ्यावरच्या एका तरुणाने मधुमालाबाईंवर नेम धरला. बाईंनी पुढे सांगितले आहे की त्याने बाण सोडला तेवढ्यात त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने त्याला ढकलले, आणि बाण पाण्यात पडला. पुढे काही वर्षांत अशा भेटी सरकारने थांबवल्या. ते योग्यच झाले, कारण आपल्या साध्या सर्दीनेही ते लोक संपू शकतात. पण त्या बाईचा तो धक्का माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिच्या लेखी होडीतले लोक कुठल्या जगाचे होते? इंजिनाचा आवाज करणारी होडी, अंगभर कापड, डोळ्यांवर काचा. तिला कोणी नियम लिहून दिले नव्हते, खात्री करून घ्यायलाही वेळ नव्हता. तिलाही माझ्याइतकाच, किंवा त्याहून कमी, वेळ मिळाला होता. तिचा हात पाहुण्याकडे गेलाच नाही. तो आपल्याच पोराच्या खांद्याला लागला.

माझाही हात माझ्याच पोरीकडे गेला होता. म्हणून मी त्या बाईशी स्वतःची तुलना करून पाहते आणि दर वेळी अर्ध्यावर सोडून देते.

सासूबाईंशी मी या विषयावर जवळजवळ चार वर्षे बोलले नाही. गेल्या डिसेंबरात बोलणे निघाले ते लेकीमुळे. चिलीतल्या दुर्बिणीला जुलैमध्ये दिसलेला ‘थ्री आय अ‍ॅटलस’ हा धूमकेतू दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलेला, आणि तो १९ डिसेंबरला पृथ्वीपासून सुमारे २७ कोटी किलोमीटरवरून जाणार होता. ते परग्रहावरचे यान असल्याचे व्हिडिओ तिच्या वर्गात सगळ्यांनी पाहिले होते. नुसत्या डोळ्यांनी तो दिसणार नाही, हे मी तिला समजावून सांगितले. तरी वर जायचेच, असे तिचे ठरले होते. जेवताना तिने आजीला विचारले की पाडव्याच्या त्या दिवशी पुढे काय झाले, कारण आई तर आपल्याला खाली घेऊन आली होती. आमच्या घरात ते शेवटपर्यंत पाहिलेले माणूस एकच आहे, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि हाताने हवेत एक संथ रेघ ओढली. पुढचे दोन दिवे आधी गेले, मग मागची रांग तुटत तुटत पिंपळामागे गेली, मग काहीच राहिले नाही, असे त्यांनी सांगितले. “मले तं वाटलं, कोणाचं तरी काही मोडलं वर. जळत चाललं होतं बिचारं, आवाजबी नव्हता त्याले.”

“आई, तुम्हाला भीती नाही वाटली?” मी विचारले.

“लागलं ना भेव,” त्या म्हणाल्या. “पण दार लागेल होतं. मंग पाहत राह्यली.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तुह्याजवळ लेकरू होतं, असेही त्या पुढे म्हणाल्या, आणि पुन्हा जेवू लागल्या. रात्री दहाच्या सुमारास आम्ही तिघी वर गेलो. थंडी होती, लादी तळव्यांना बर्फासारखी लागत होती, आणि लेक धूमकेतू जिथे असावा त्या बाजूला बोट दाखवून आजीला नकाशातली तारकांची नावे सांगत होती. दिसले काहीच नाही. दूर महामार्गावरच्या ट्रकचे दिवे तेवढे सरकत होते. सासूबाईंचे गुडघे आता जिन्यावर दुखतात, म्हणून परतताना लेकीने त्यांचा हात धरला आणि दोघी पुढे झाल्या. मी दाराशी थांबले, अंधारात गच्चीच्या चारही कोपऱ्यांकडे, टाकीमागे, कठड्यापाशी नीट पाहून घेतले, मग आत आले आणि कडी लावली.